धातू ठेवा बाजूला, आधी पाण्याचं मॉडेल करा

प्रश्न: मी रबाळे एमआयडीसीतल्या एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात डिझाइनला आहे. ८० मिमीच्या ग्लोब कंट्रोल व्हॉल्व्हमधल्या पाण्याच्या प्रवाहाचं कॉम्प्युटरवर गणित (सीएफडी) करायचंय. त्याचं सॉलिडवर्क्स या कॅड सॉफ्टवेअरमधलं असेंब्ली मॉडेल स्टेप फॉरमॅटमध्ये काढून मेशरमध्ये (मॉडेल बारीक तुकड्यांत, म्हणजे सेलांत, कापून मेश करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) घेतलं, तर तो शेकडो चुका दाखवतो आणि कुठून तरी गळती आहे म्हणतो. प्रॉक्सिमिटी (अरुंद फटीत आपोआप बारीक सेल) चालू ठेवून, रॅप करून (मॉडेलवर सलग आवरण चढवून) कशीबशी मेश पाडली, ती चार कोटी सेलची झाली आणि ३२ जीबीच्या मशीनवर उघडतही नाही. आयजेस, पॅरासॉलिड, एसटीएल सगळं करून पाहिलं. सोमवारी साहेबांना प्रेशर ड्रॉप (व्हॉल्व्हमध्ये दाब किती पडतो तो) दाखवायचा आहे. नेमका कोणता फॉरमॅट वापरू?

उत्तर:

फॉरमॅटचं आधी उरकून टाकतो, कारण त्यात फार काही नाही. सॉलिडवर्क्स आतून पॅरासॉलिड या भूमितीच्या इंजिनावर चालतं. गंमत म्हणजे सॉलिडवर्क्स दासो कंपनीचं आणि पॅरासॉलिड सीमेन्सचं. शेजाऱ्याच्या विहिरीवर ही मंडळी वर्षानुवर्षं पाणी भरतायत. आपल्याला त्याचा फायदा एवढाच की पॅरासॉलिडमध्ये फाइल दिली की भाषांतर होतच नाही, जे आहे ते तसंच्या तसं लिहिलं जातं. मेशर ते वाचत असेल तर तेच द्या. नसेल तर स्टेप, आणि त्यात एपी २१४ किंवा २४२ ही आवृत्ती, म्हणजे फेसना (मॉडेलच्या एकेका पृष्ठभागाला) दिलेले रंगही सोबत जातात. आयजेस विसरा. १९८० सालचा तो फॉरमॅट, शेवटची आवृत्ती १९९६ ची, आणि बहुतेक सॉफ्टवेअर त्यात एकेक फेस सुटा लिहितात. कोणता फेस कोणाला चिकटलाय ते फाइलीत नसतंच, शिवणकाम तुमच्या गळ्यात. एसटीएल, म्हणजे पृष्ठभागाचे नुसते त्रिकोण, फक्त ओपनफोम या फुकट सीएफडी सॉफ्टवेअरचं स्नॅपीहेक्समेश हे मेशर वापरणार असाल तर. त्याच्या खोड्या पुढे येतील.

आता विहिरीचंच निघालं आहे तर, आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? चारही फॉरमॅटमध्ये तेच रडगाणं ऐकू येतंय, म्हणजे दुखणं फाइलीत नाही, मॉडेलात आहे. आणि मॉडेल वाईट आहे असंही नाही. ते पॅटर्नवाल्यासाठी आणि मशीनशॉपसाठी काढलेलं आहे. त्यात बोल्ट आहेत, नट आहेत, ग्लँड पॅकिंग आहे, अॅक्च्युएटरची स्प्रिंग आहे, बॉडीवर उठावाची अक्षरं आहेत. तुमच्या पाण्याला यातलं काहीही ठाऊक नाही. पाणी ओळखतं ते फक्त आतली ओली कातडी. धातूची दीडशे बॉडींची (सुट्या घन तुकड्यांची) असेंब्ली मेशरला देऊन ‘यातून पोकळी तूच शोध’ म्हणणं म्हणजे अख्खी इमारत दाखवून ‘आत किती हवा आहे सांग’ म्हणण्यासारखं आहे. एक खिडकी उघडी राहिली की हवा पार ठाण्याच्या खाडीपर्यंत.

म्हणून पोकळी तुम्ही काढायची, आणि कॅडमध्येच काढायची. माझ्याकडे येणारी दहातली आठ भांडणं इथेच मिटतात. मेशरमधली दुरुस्तीची हत्यारं चांगली असतात, पण ती मलमपट्टीची. डिझायनरने उद्या सीट दोन मिमी वर घेतली की मेशरमधली सगळी मलमपट्टी पुन्हा पहिल्यापासून. कॅडमध्ये केलेलं काम नव्या मापाबरोबर आपोआप हलतं.

करायचं असं. असेंब्लीची एक प्रत पार्ट म्हणून सेव्ह करा. पाण्याला न लागणारी प्रत्येक बॉडी उडवा. उरतील व्हॉल्व्हची बॉडी, बोनेट (तिचं वरचं झाकण), सीट, केज (प्लगभोवतीचं खिडक्यांचं नळकांडं), प्लग (सीटवर बसून वाट बंद करणारा), स्टेम (प्लगची दांडी) आणि गास्केट. इनलेट आणि आउटलेटच्या तोंडावर झाकणं लावा. मग सॉलिडवर्क्समधली इंटरसेक्ट कमांड घ्या आणि आतला बंदिस्त प्रदेश निवडा. तो प्रदेश दिसलाच नाही, तर तुमची ती ‘गळती’ खरी आहे, आणि ती शोधायची जागा हीच. सेक्शन व्ह्यू लावून सावकाश सरकवत जा. माझ्या अनुभवात पहिला संशयित गास्केट. खरेदीच्या यादीसाठी कोणीतरी ते सप्रेस केलेलं असतं आणि बॉडी-बोनेटच्या मध्ये गोलभर फट उघडी राहते. दुसरा संशयित स्टेमभोवतीचा ग्लँडचा क्लिअरन्स, म्हणजे मोकळी फट. स्टेम जिथे बोनेटमध्ये शिरतो तिथेच एक सपाट कडी भरून वाट बंद करा.

आता तुमच्या चार कोटींकडे. प्लग आणि केज यांच्यामध्ये बहुधा ०.१ मिमीची फट असेल. प्रॉक्सिमिटी चालू आहे म्हणजे मेशर त्या फटीत आडवे पाच सेल बसवायला बघणार, म्हणजे सेलचं माप ०.०२ मिमी. प्लगचा व्यास ६० मिमी धरला तर परिघ १८८ मिमी, त्यावर साधारण ९,४०० सेल. फटीची उंची २० मिमी, त्यावर १,०००. गुणिले पाच. झाले पावणेपाच कोटी. उरलेला सगळा व्हॉल्व्ह मोजायचाच आहे अजून. तुमचं माप थोडं वेगळं असेल, पण घोडं इथेच पेंड खातंय असं मला वाटतं. सेलचा आकार निम्मा केला की तेवढ्याच जागेत आठपट सेल होतात, आणि मेमरी दर दहा लाख सेलला एक ते दोन जीबी खाते. तुमच्या मशीनला दीड कोटीच्या पुढे जाऊच देऊ नका.

मग ही फट बुजवायची की ठेवायची? याला नियम नाही, हिशोब आहे. फटीचं क्षेत्रफळ ६० मिमी व्यासावर सुमारे १९ चौरस मिमी. ८० मिमी बोअरचं सुमारे ५,०२७. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना त्या फटीतून जाणारं पाणी अर्ध्या टक्क्याच्याही आत, खुशाल बुजवा. पण साहेबांनी उद्या व्हॉल्व्ह पाच टक्केच उघडा असतानाचा प्रवाह मागितला आणि केजची खिडकी समजा २५० चौरस मिमीच उघडी असली, तर तीच फट साडेसात टक्के होते. तिथे ती बुजवणं म्हणजे उत्तरच बदलणं. ठेवायची झाली तर प्रॉक्सिमिटीवर सोडू नका. फट वेगळी बॉडी म्हणून कापून घ्या आणि तिला स्वीप मेश (एका टोकाची जाळी दुसऱ्या टोकापर्यंत ओढत नेलेली) द्या, म्हणजे परिघावर आणि उंचीवर लांबट सेल चालतात आणि कोटींचे काही लाखांवर येतात. एका मॉडेलवर सगळे प्रश्न सोडवायचा हट्ट सोडा. पूर्ण उघड्याचं मॉडेल वेगळं, जवळपास बंदचं वेगळं.

फटीचाच सख्खा भाऊ म्हणजे टेकलेले गोलाकार. ओ-रिंग खाचेत टेकते, तिथे रिंगचा वर्तुळाकार आणि खाचेची भिंत यांच्यामधलं पाणी निमुळतं होत होत शून्य जाडीला जातं. तिथे कुठलाच सेल बसत नाही, कितीही बारीक करा. अशा जागी विचार न करता खाच भरून सपाट करा, ते पाणी हलतही नसतं. प्लगवरच्या गाइड रिबा केजला रेषेत टेकत असतील तर रिब अर्धा मिमी केजच्या आत घुसवा आणि मग वजाबाकी करा. टेकलेलं मॉडेल मेशला चालत नाही. एक तर स्पष्ट फट हवी, नाही तर स्पष्ट घुसणं.

पुढचा त्रास चिरोट्यांचा. दोन फिलेट (कडांना दिलेल्या गोलाया) जिथे मिळतात तिथे केसाएवढे अरुंद फेस उरतात, ०.०२ मिमी रुंदीचे. डोळ्याला दिसत नाहीत, पण मेशर त्यांचा मान ठेवतो. तिथून प्रत्येक सेल आधीच्याच्या १.२ पट, अशा वाढीने २ मिमीच्या सेलपर्यंत यायला पंचवीस पायऱ्या लागतात, तेवढा गोतावळा त्या एका चिरोटीभोवती जमतो. सॉलिडवर्क्सच्या इव्हॅल्युएटमधलं चेक उघडा, शॉर्ट एज आणि किमान वक्रता त्रिज्या यांवर खूण करा. एकेक सापडेल. ज्या फिलेटमुळे चिरोटी झाली ती थोडी लहान करा किंवा क्रम बदला.

पण म्हणून आतल्या सगळ्या फिलेट सरसकट उडवू नका. नव्या मुलांकडून ही चूक हटकून होते, कारण ‘जॉमेट्री साफ करा’ एवढंच कोणीतरी सांगितलेलं असतं. पाईपच्या तोंडाचं जुनं उदाहरण घ्या. टोकदार कडेच्या तोंडाचा हानी गुणांक (पाण्याच्या गतिज ऊर्जेचा किती हिस्सा वाया जातो तो आकडा) ०.५. त्या कडेला व्यासाच्या फक्त २ टक्के गोलाई दिली की तो ०.२८ होतो, १५ टक्के दिली की ०.०४. ८० मिमीवर २ टक्के म्हणजे १.६ मिमी. एवढीशी गोलाई तोंडावरची हानी जवळजवळ निम्मी करते. तुमच्या सीटच्या आणि केजच्या खिडक्यांच्या कडा याच जातीच्या आहेत. त्या ड्रॉइंगप्रमाणेच ठेवा, आणि ड्रॉइंगवर ‘शार्प कॉर्नर मोडा’ एवढंच लिहिलेलं असेल तर शॉपमध्ये जाऊन प्रत्यक्ष किती मोडतात ते बघून या. बॉडीच्या बाहेरच्या, फ्लँजमागच्या, फिनिशसाठीच्या फिलेट मात्र पोकळी काढताच आपोआप जातात, त्यांच्यावर वेळ घालवूच नका.

साफ केलेलं मॉडेलही कधी कधी पलीकडे फाटतं, त्याचं कारण थोडं खोलात आहे. दोन वक्र पृष्ठभाग जिथे छेदतात ती रेषा कॅडला अचूक लिहिता येत नाही. दोन साधे बायक्युबिक (दोन्ही दिशांना तिसऱ्या घाताचे) तुकडे घेतले तरी त्यांच्या छेदाच्या समीकरणाची घात ३२४ पर्यंत जाते. म्हणून प्रत्येक सॉफ्टवेअर ती रेषा अंदाजे साठवतं: एकदा अवकाशात, आणि एकेकदा दोन्ही पृष्ठभागांवर. तिन्ही एकमेकींशी ठरावीक सहनशीलतेतच जुळतात. पॅरासॉलिडची सहनशीलता मीटरच्या दहा कोटीव्या भागाएवढी. दुसऱ्या इंजिनाची वेगळी. एकाला ‘जुळलं’ वाटतं ते दुसऱ्याला ‘फट आहे’ वाटतं. फ्रीकॅड, सॅलोम, जीमेश ही फुकट मंडळी ओपनकॅस्केडवर चालतात, त्यामुळे सॉलिडवर्क्सकडून तिकडे जाताना हे हटकून भेटतं. मेशरमध्ये शिवताना सहनशीलता सर्वांत लहान सेलच्या दहाव्या भागापर्यंत सैल करायला हरकत नाही. त्याच्या पुढे गेलात तर खरे बारीक फेसही एकमेकांत विरघळतात.

एसटीएलच्या खोड्या आता सांगतो, कारण यातली एक माझ्याच अंगावर आलेली आहे. एसटीएलमध्ये एककच नसतं. ८० लिहिलेलं असतं, मिमी की मीटर ते नाही. ओपनफोम मीटर समजतं. ठाण्यात वागळे इस्टेटला नोकरीत नवा असताना मी असाच एक व्हॉल्व्ह हजारपट मोठा करून चालवला. इनलेटला वेग दिला होता २ मीटर प्रति सेकंद. उत्तर आलं आणि अगदी पटण्यासारखं आलं! कारण उघड आहे, आता उघड वाटतं: व्हॉल्व्हचा प्रेशर ड्रॉप घनता, वेगाचा वर्ग आणि हानी गुणांक यांवर ठरतो, त्यात व्यास येत नाही. ८० मिमी काय आणि ८० मीटर काय, वेग तोच तर ड्रॉप जवळपास तोच. अहवाल गेला. ग्राहकाच्या टेस्ट बेंचवरच्या माणसाने तळाशी छापलेला वस्तुमान प्रवाह वाचला आणि फोन केला, ‘साहेब, हे १ कोटी किलो प्रति सेकंद काय आहे?’ असायला हवे होते १०. तेव्हापासून माझ्या ऑफिसात कुठलाही निकाल बघण्याआधी मॉडेलची लांबी-रुंदी-उंची आणि इनलेटचा किलो प्रति सेकंद बघितला जातो. ओपनफोममध्ये सरफेसचेक चालवलं की पेटीचं माप छापून येतं, आणि सरफेसट्रान्सफॉर्मपॉइंट्सने ०.००१ ने गुणलं की काम झालं.

दुसरी खोडी अंकांची. बायनरी एसटीएल ३२ बिटी संख्या लिहितं, म्हणजे जेमतेम सात आकडे. व्हॉल्व्हला पुरतात. पण ऐरोलीच्या बाजूच्या एका पंपिंग स्टेशनच्या संपचं (पंप पाणी उपसतो त्या हौदाचं) मॉडेल आमच्याकडे आलं, ते सिव्हिलवाल्यांनी सर्व्हेच्या यूटीएम कोऑर्डिनेटमध्ये (नकाशाच्या जाळीतल्या अंतरांत) काढलेलं, मीटरमध्ये. आपल्या भागाचा नॉर्दिंग, म्हणजे विषुववृत्तापासून उत्तरेकडचा आकडा, २१ लाख मीटरच्या वर जातो. त्या आकड्यावर ३२ बिटी संख्येची सर्वांत लहान पायरी २५ सेंटिमीटर असते. ईस्टिंगला, म्हणजे पूर्वेकडच्या आकड्याला, ३ सेंटिमीटर. पंपाचा बेलमाउथ (पाणी ओढणारं घंटेसारखं तोंड) जिन्यासारखा दिसत होता आणि दोन दिवस आम्ही एक्स्पोर्टच्या सेटिंगला शिव्या देत बसलो. उपाय पाच मिनिटांचा: एसटीएल करण्याआधी ओरिजिन पंपाच्या मध्याशी आणा, किती सरकवलं ते कागदावर लिहून ठेवा.

तिसरी खोडी त्रिकोणांची. वर्तुळाचा बहुभुज होतो आणि तो आतून कोरलेला असतो, म्हणजे बोअर लहान होतं. एक्स्पोर्टमध्ये शेजारच्या बाजूंमधल्या कोनाची मर्यादा ३० अंश ठेवली तर बारा बाजू, क्षेत्रफळ साडेचार टक्क्यांनी कमी, आणि तेवढंच पाणी त्यातून ढकललं तर ड्रॉप जवळजवळ दहा टक्क्यांनी जास्त. १० अंशांवर क्षेत्रफळाची तूट अर्ध्या टक्क्यावर येते, ५ अंशांवर ०.१३ टक्क्यावर. मी ५ ठेवतो. फाइल मोठी होते म्हणून घाबरू नका, दर त्रिकोणाला ५० बाइट लागतात, दहा लाख त्रिकोणांची फाइल ५० एमबीची.

नावांचं थोडक्यात. कोणता पृष्ठभाग कोणता ते पुढे ओळखता यावं म्हणून कॅडमध्येच इनलेट, आउटलेट, प्लग, सीट, बाकी भिंत असे वेगळे रंग द्या. एसटीएलच्या वाटेने गेलात तर प्रत्येक भाग स्वतंत्र काढून अॅस्की, म्हणजे मजकुराच्या, फाइलीत एकामागे एक जोडा, बायनरीत नावं राहत नाहीत.

झाकणं थेट फ्लँजवर लावून मोकळे होऊ नका. पुढे-मागे सरळ पाईप जोडा. कंट्रोल व्हॉल्व्हच्या चाचणीचं आयईसी ६०५३४-२-३ हे मानक दाब मोजण्याची छिद्रं व्हॉल्व्हच्या आधी दोन व्यासांवर आणि नंतर सहा व्यासांवर ठेवतं. तुमचा पाईप त्याहून लांब हवा, मी आधी पाच आणि नंतर दहा व्यास देतो, आणि ड्रॉप मात्र त्या दोन छिद्रांच्या जागीच वाचतो. नाही तर बेंचशी तुलना करताना वाद होतात.

भिंतीजवळच्या सेलांच्या थरांसाठी तुमच्या मापाचा हिशोब करून देतो. ८० मिमी, २ मीटर प्रति सेकंद, पाणी, म्हणजे रेनॉल्ड्स आकडा (प्रवाह किती खळबळीचा ते सांगणारा) १.६ लाख. सरळ पाईपच्या सूत्राने वाय प्लस (भिंतीपासूनच्या अंतराचं एककाशिवायचं माप) १ साठी पहिला सेल सुमारे ११ मायक्रॉन उंचीचा लागतो, वाय प्लस ३० साठी ०.३४ मिमी. सोमवारपर्यंत ३० वालाच घ्या. ही उंची लक्षात ठेवायची ती आणखी एका कारणासाठी: ०.१ मिमीची पायरी किंवा फट मॉडेलात शिल्लक असेल, तर ०.३४ चा थर तिथे बसूच शकत नाही आणि मेशर थर दुमडून टाकतो. केजच्या खिडक्यांत पाणी दोन मीटरपेक्षा बरंच जोरात धावतं, तिथे वाय प्लस वाढलेला दिसेल, तो निकालात तपासा.

तर सोमवारसाठी: रॅपची फाइल बाजूला ठेवा. पूर्ण उघडी स्थिती एकच घ्या. मॉडेल दोन बाजूंनी सारखं असेल तर अर्धंच चालवा. फट बुजवा, ओ-रिंगच्या खाचा भरा, पोकळी काढा, पाईप जोडा, पॅरासॉलिड करा. बोअरमध्ये ३ मिमी, केजच्या खिडक्यांत १ मिमीपासून सुरुवात करा. वीस-पंचवीस लाख सेलांत बसायला हवं, तुमच्या मशीनवर रात्रीत निकाल येईल. नंतर एक पायरी बारीक करून ड्रॉप किती हलतो तेही दाखवा. साहेब तोच प्रश्न आधी विचारतील.

आणि मेश करण्याआधी एक काम शॉपमध्ये. पोकळीचं घनफळ कॅड सांगतंच. पाईप न जोडलेल्या पोकळीचा आकडा घ्या. मग मशीनिंग झालेली, जोडलेली बॉडी मागून घ्या, एका तोंडाला रबर लावून ब्लाइंड फ्लँज आवळा, दुसरं तोंड वर करून उभी करा आणि मापाच्या भांड्याने काठोकाठ पाणी भरा. हवा अडकते, म्हणून थोडं हलवा. वागळेतल्या आमच्या फोरमनने मला हे शिकवलं, आणि पहिल्याच खेपेला कॅडपेक्षा पाणी जवळपास पाव लिटर कमी मावलं. कोअर (ओतकामात आतली पोकळी घडवणारा गाभा) सरकलेला होता, बॉडीची आतली भिंत एका बाजूला जाड झाली होती आणि मी महिनाभर ड्रॉइंगमधल्या व्हॉल्व्हचं सीएफडी करत होतो. तुमचे दोन्ही आकडे आले की पाठवा, त्यावरून पुढचं बोलू.